ठाण्याचे बापट

उज्वला गायधनीला लिलाव ठाऊक होता तो गणपतीच्या नारळाचा. विसर्जनाच्या आधी गल्लीतलं मंडळ मांडवातल्या नारळाची बोली लावायचं. सराफ आणि डेअरीवाला एकमेकांच्या तोंडाकडे बघत शंभर-शंभरानं चढत जायचे आणि बाजारात सहा रुपयांना मिळणारा नारळ अडीच हजाराला गेला की लोक टाळ्या वाजवायचे. दोन हजार सालच्या फेब्रुवारीत मनोज आहेरनं मुलाखतीत तिला विचारलं, की लिलावाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे, तेव्हा तिनं हेच सांगितलं. मनोज हसला. म्हणाला, मग निम्मा धंदा तुम्हाला कळलेलाच आहे.

नोकरीची तिला गरज होती. अंबडच्या ज्या कारखान्यात ती अकरा वर्षं स्टेनो होती, तो आदल्या दिवाळीत बंद पडला. नवरा किशोर एका औषध कंपनीत शिफ्टला जायचा, मुलगी बारावीला होती. चाळिशी उलटलेल्या बाईला आता कोण घेणार, असं गृहीत धरून तिनं घरी टायपिंगची कामं मागायला सुरुवात केली होती. तेवढ्यात स्थानिक पेपरात दोन ओळींची जाहिरात आली आणि ती कॉलेज रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानाचा जिना चढून वर गेली. वर चार कॉम्प्युटर, एक जनरेटर आणि भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘बोलीघर डॉट कॉम’.

मनोज मूळचा देवळ्याचा. वय एकोणतीस. पुण्यात इंजिनिअर झाला, दोन वर्षं परदेशात राहिला, आणि तिकडे लोक कॉम्प्युटरवरून जुन्या खुर्च्यांपासून पोस्टाच्या तिकिटांपर्यंत काहीही लिलावात विकतात हे बघून परत आला. मुंबईच्या दोन गुंतवणूकदारांनी त्याला पैसा दिला होता. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला पटायचंच. माल ठेवायचा नाही, गोदाम नाही, दुकानाचा गाळा नाही. विकणारा आपल्या घरी, घेणारा आपल्या घरी. आपण मध्ये नुसता फळा धरून उभं राहायचं आणि सौदा झाला की शेकड्यामागे पाच रुपये. भावसुद्धा आपण ठरवायचा नाही, लोकच ठरवतील. अडगळीत पडलेली वस्तू कुणाला तरी कुठे तरी हवी असते, फक्त त्या दोघांची गाठ पडत नाही, असं तो म्हणायचा. उज्वलाला त्यातलं हे शेवटचं वाक्य आवडलं होतं.

आणि गाठ पडायचीही. सटाण्याचे धोंडीराम घड्याळजी पत्र्याचा एक डबा घेऊन आले होते. त्यात साखळीच्या घड्याळांची चाकं, काटे, तबकड्या. मुलं फेकून द्यायला निघाली होती. उज्वलानं डब्याचा फोटो काढून साइटवर चढवला, खाली जमेल तसं वर्णन टाइप केलं. आठ दिवसांत गुवाहाटीच्या एका माणसानं तो डबा सहा हजार दोनशेला घेतला. तिनं फोन करून सांगितलं. मग म्हातारबाबा म्हणाले, “खरं शे का, ताई?” त्या दिवशी ती घरी गेली ती जिना चढल्याचं न कळता.

पण असे दिवस बोटांवर मोजण्याएवढे. बाकीचे दिवस कागदाचे होते. नागपूरच्या एकानं ड्राफ्ट पाठवून कॅमेरा घेतला, तर त्याला भिंगाशिवायचा कॅमेरा पोचला. कोल्हापूरच्या बाईनं नक्षीचा पितळी डबा आधी पाठवून दिला आणि पैसे आलेच नाहीत. दोघंही उज्वलाला फोन करत. दोघांनाही ती एकच पत्र पाठवत असे: आम्ही केवळ माध्यम आहोत, वस्तूचा दर्जा व रक्कम याबाबत कंपनी जबाबदार राहू शकत नाही. ते वाक्य इतक्यांदा टाइप केलं होतं, की बोटं आपसूक चालायची. संध्याकाळी मान आखडायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. आणि जिना उतरताना वाटायचं, की आपण दिवसभर कुणाचं तरी ऐकलं आणि कुणासाठीच काही केलं नाही.

मे महिन्यात मनोजनं तिला एक डायरी दिली. त्यात चौदा नावं होती, त्यांचे पासवर्ड होते. एस. देशमुख, पुणे. फर्नांडिस, पणजी. बापट, ठाणे. अशी. यांतलं कुणीही अस्तित्वात नव्हतं. त्यानं खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत शांतपणे समजावलं. विकणारे येत नाहीत, कारण घेणारे दिसत नाहीत. घेणारे येत नाहीत, कारण विकायला काही दिसत नाही. रिकाम्या हॉटेलात कुणी जेवायला शिरत नाही, ताई. थोडे दिवस आपणच चार खुर्च्यांवर बसायचं. खरे लोक आले की आपण उठायचं. शिवाय मुंबईवाले दर शुक्रवारी किती बोल्या लागल्या याचा आकडा मागतात, तो आकडा खाली गेला तर पुढचा हप्ता येणार नाही.

“आणि आपलंच नाव वर राहिलं तर?” उज्वलानं विचारलं.

“राहू द्यायचं नाही. शेवटच्या तासाला हात लावायचा नाही. समोरचा खरा माणूस थकायच्या आत आपण थांबायचं.”

ती हो म्हणाली. नाही म्हणावं असं तिला वाटलंच नाही, असं नाही. पण मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि मनोज काही लुच्चा माणूस नव्हता. महिना संपला की पहिला पगार तिचा व्हायचा, त्याचा स्वतःचा दोन महिने झाला नव्हता.

मग रोज अकरा ते एक ती बोल्या लावायची. हळूहळू त्या चौदा जणांना स्वभाव आले. देशमुख फटकन दोनशे चढवायचा. फर्नांडिस हिशेबी, पंचवीस-पंचवीसनं. बापट तिच्या डोक्यात निवृत्त, एकटा, जुन्या वस्तूंवर जीव असलेला असा झाला. तो कधी घाई करत नसे. घरी हे तिनं किशोरला सांगितलं नाही. तो काय काम करतेस असं विचारायचा तेव्हा म्हणायची, टायपिंग. ते खोटंही नव्हतं.

सप्टेंबरात लताबाई आल्या.

लताबाई शिरसाठ सिन्नरच्या. साठीच्या आसपास, उंच, हाडापेरानं मजबूत. खांद्यावरच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक हिरवट बाटली होती, मानेत गोटी असलेली. सिन्नरच्या स्टँडमागे त्यांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, हातानं चाक फिरवून बाटलीत गॅस भरायचं मशीन आणि बावीस खोकी बाटल्या. नवरा गेल्यावर सतरा वर्षं त्यांनी एकटीनं चालवला. मग थंड पेयांच्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या आणि गोटीचा सोडा प्यायला कुणी थांबेना. मुलगा एमआयडीसीत लागला होता, पोटापाण्याचं अडत नव्हतं. शेड येत्या दिवाळीपासून एका झेरॉक्सवाल्याला भाड्यानं द्यायची ठरली होती, म्हणून मशीन हलवायचं होतं. भंगारवाला बाराशे देत होता.

“भंगारात घालायला जीव व्हत नाय,” त्या म्हणाल्या. “चालू मशीन हाय. कोणाला तरी लागंल ना.”

उज्वलानं बाटलीचे फोटो काढले, मशीनचा त्यांनी आणलेला फोटो स्कॅन केला, दीड हजारापासून बोली ठेवली आणि दहा दिवसांची मुदत लावली. लताबाईंनी पडद्यावर आपली बाटली बघितली, पदरानं काच पुसली आणि गेल्या.

दुसऱ्याच दिवशी नवसारीहून बोली आली. मेहेरजी नावाचे एक पारशी गृहस्थ. त्यांनी प्रश्नही विचारले होते: चाकाचा व्यास किती, झडप पितळी आहे का. माणूस जाणकार दिसत होता. दोन हजार. अठ्ठावीसशे. तीन हजार. दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून उज्वलानं बापटांना उतरवलं. बापट बत्तीसशे म्हणाले, मेहेरजी पस्तीसशे. बापट चार हजार, मेहेरजी साडेचार. एरवी ती इथे थांबली असती. पण यावेळी डोळ्यांपुढे पदरानं काच पुसणारी बाई होती, आणि नवसारीचा माणूस मागे हटत नव्हता. सतरा वर्षं चाक फिरवलं तिनं, मिळू दे तिला, असं म्हणत उज्वला रोज थोडं थोडं चढवत गेली. बापट घाई करत नसत, पण हटतही नसत.

सात हजार झाले तेव्हा मनोजनं मागून बघितलं आणि म्हणाला, ताई, सांभाळून. शेवटच्या दिवशी दुपारी चारला मेहेरजींचे आठ हजार नऊशे होते. मुदत पाचला संपायची होती. शेवटच्या तासाला हात लावायचा नाही, हा नियम तिला पाठ होता. तरीही चार वाजून दहा मिनिटांनी बापटांनी नऊ हजार दोनशे लावले. तिला वाटलं, मेहेरजी एकदा तरी उत्तर देतीलच.

त्यांनी दिलं नाही. पाच वाजले, पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं आणि खाली अक्षरं उमटली: विजेते, बापट, ठाणे. घेणारा आणि विकणारी, दोघांनाही आपोआप निरोप गेले. लताबाईंचा निरोप त्यांच्या मुलाच्या कारखान्यातल्या ई-मेल पत्त्यावर गेला; तो तिथून रोज बोल्या बघून आईला सांगत होता.

मनोज चिडला नाही. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं: दहा दिवस थांबायचं, मग घेणाऱ्यानं पैसे भरले नाहीत असं कळवायचं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्या भावात वस्तू देऊ करायची. उज्वलानं दहा दिवस न थांबता दुसऱ्याच दिवशी मेहेरजींना लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि थोडक्यात होतं. त्या भावात आता मला रस नाही, क्षमस्व.

आणि लताबाईंचे फोन सुरू झाले. स्टँडवरच्या बूथमधून त्या एक दिवसाआड करायच्या. बापटसाहेबांचे पैसे आले का. टेम्पो कोण पाठवणार, ते का आपण. भंगारवाल्याला मी नाही सांगून टाकलं बरं का. नऊ हजार दोनशे हा आकडा त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितला होता. झेरॉक्सवालासुद्धा त्यांच्याशी आता आदरानं बोलत होता. उज्वला म्हणायची, अजून निरोप नाही. हे तिचं उत्तर चार वेळा झालं, तेव्हा लताबाई म्हणाल्या, तुम्ही माझ्या वतीनं त्यांना एक पत्र लिहा, मी सांगते.

आणि त्यांनी फोनवर पत्र सांगितलं. उज्वलाच्या हातात पेन्सिल होती, अकरा वर्षांची सवय होती, तिनं ते लघुलिपीत उतरवून घेतलं. बापटसाहेबांना नमस्कार. चाकाला गोडंतेल घालू नका, चिकट धरतं, मशीनचंच तेल घाला. बाटली भरताना तोंड बाजूला ठेवा, कधी कधी काच फुटते. घरात लहान लेकरं असतील तर जवळ येऊ देऊ नका. तुम्हाला पैशांची अडचण असली तर दोन वेळा करून दिले तरी चालतील, पण काय ते कळवा. आपली, लताबाई शिरसाठ.

बूथचा फोन कट झाला. उज्वला त्या रेघोट्यांकडे बघत बसली. पाठवायला पत्ता नव्हता.

रविवारी तिनं किशोरला सांगितलं, की ऑफिसच्या कामानं सिन्नरला जाऊन येते. तो म्हणाला, रविवारी कसलं काम. ती म्हणाली, एका बाईला भेटायचंय. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

सिन्नरच्या स्टँडमागे शेड सापडायला वेळ लागला नाही. ती आत गेली. बावीस खोकी धुऊन, पुसून, एकावर एक रचलेली होती. मशीनचा पितळी भाग चिंचेनं घासलेला होता. लताबाई बसायला पाट शोधत होत्या. बापटसाहेब स्वतः बघायला आले तर असावं म्हणून गेल्या आठवड्यात दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या, मशीन चालतंय याची खात्री म्हणून. त्यातली एक त्यांनी उज्वलासाठी काढली. अंगठ्यानं गोटी आत ढकलली, फुस्स झालं, आणि बाटली पुढे केली.

उज्वलानं ती हातात धरली, प्यायली नाही.

“लताबाई, बापट नाहीत.”

“नाय म्हंजे? वारले?”

“नाही. ते नव्हतेच कधी. त्या नावानं मीच बोली लावत होते. ऑफिसच्या डायरीत अशी चौदा नावं आहेत, गर्दी दिसावी म्हणून.”

लताबाई उभ्याच होत्या. त्यांनी जवळच्या खोक्यातली एक बाटली उचलली, सरळच होती ती पुन्हा सरळ केली.

“आन् ते पारशी?”

“ते खरे आहेत. आठ हजार नऊशेपर्यंत ते खरंच आले होते.”

“कोणासंगं बोली चालली व्हती त्यांची?”

“माझ्यासंगं.”

“म्हंजे त्यो माणूस एकटाच पळत व्हता,” लताबाई म्हणाल्या.

उज्वलानं हातातली बाटली खाली ठेवली. आपण तुमच्यासाठीच चढवत होतो, तुम्हाला जास्त मिळावं म्हणून, हे वाक्य ती बसमध्ये मनात जुळवत आली होती. आता ते तोंडातून काढायची लाज वाटली.

लताबाई खाली बसल्या.  मग त्या बोलू लागल्या, आवाज न चढवता. कांद्याच्या लिलावातही अशी माणसं उभी राहतात, त्यांना ठाऊक होतं. त्यांचा भाऊ माल घेऊन जायचा. पण तिथे कोण कुणाचा माणूस हे सगळ्या मार्केटला माहीत असतं, तोंड दिसतं, शिवी देता येते. इथे त्यांनी ज्याला शिवी द्यायची, त्याला पत्र लिहिलं होतं.

“मला पैशाचं येवढं नाय वाटत,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं व्हतं, ठाण्यात कोणी तरी हाय, ज्याला हे पाहिजे.”

उज्वलाचे डोळे भरून आले, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिनं ते आवरले. विचारलं, आता काय करू. लताबाईंनी पदरानं हात पुसले. दिवाळीपर्यंत शेड रिकामी करायचीय, म्हणाल्या. पुन्हा लावा. पण आता तुमच्यातलं कोणी नको. जे होईल ते होऊ द्या. आणि सोडा पिऊन टाका, उघडलेला आहे, वाया जाईल. उज्वलानं तो प्यायला. तिखट गॅस नाकात गेला.

सोमवारी तिनं मशीन पुन्हा साइटवर चढवलं, आणि मेहेरजींना कळवलं. दोन तासांत त्यांचं उत्तर आलं. एकच प्रश्न होता: यावेळी श्री. बापट असतील का? खाली त्यांनी लिहिलं होतं, की बापट फक्त अकरा ते एक या वेळातच बोली लावतात आणि रविवारी कधीच लावत नाहीत, हे आपल्या लक्षात आलं होतं. म्हणूनच आपण थांबलो. शेवटच्या दिवशी त्यांनी वेळ मोडली तेव्हा उलट खात्रीच पटली. हे मशीन आपल्याला हवं आहे, कारण आपल्या घरी याच जातीचं एक अजून चालतं आणि त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत.

उज्वलानं लिहिलं: नाही. बापट यापुढे कधीच नसतील. आणि खाली सही केली. कंपनीची नाही, स्वतःची.

दहा दिवस ती अकरा ते एक हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली. मेहेरजींनी दीड हजारापासूनच सुरुवात केली. लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी जुनं मशीन हवं होतं, तो दोन-अडीचपर्यंत आला, मग तीन हजारावर थबकला. मेहेरजी एकतीसशे म्हणाले. हॉटेलवाला गप्प. तिच्या बोटांना सवय होती, ती डायरीच्या दिशेनं एक-दोनदा गेलीही. मेहेरजी पाच हजारही देतील, तिला ठाऊक होतं. आठही दिले असते. मुदत संपली. एकतीसशे.

तिनं बूथवर निरोप ठेवला, लताबाईंचा फोन आला, तिनं आकडा सांगितला. लताबाई म्हणाल्या, बरं. भंगारवाल्यापेक्षा बरं. आभार मानले नाहीत, तक्रारही केली नाही. आठवड्यानं पुन्हा फोन करून एवढंच सांगितलं, की टेम्पो आला होता, नवसारीचा म्हातारा स्वतः सोबत होता, प्रत्येक बाटली उजेडात धरून बघत होता आणि त्याला जेवायला घातलं. गल्लीत मात्र विचारतात, नऊ हजाराचं काय झालं. मी सांगते, ठाण्याचा माणूस फिरला.

मनोजला हे कळायचंच होतं. शुक्रवारचा आकडा निम्म्यावर आला होता. त्यानं तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्याच्या, दाढी दोन दिवसांची.

“तुम्ही त्या पारशाला सांगितलंत?”

“त्यांना आधीच कळलं होतं. मी फक्त ते नाकारलं नाही.”

त्यानं खिडकी उघडली. खालून खव्याचा वास येत होता.

“लिलावात वस्तूची किंमत पहिला माणूस ठरवत नाही, ताई,” तो म्हणाला. “दुसरा ठरवतो. पहिल्याला लाख द्यायचे असले तरी दुसरा जिथे थांबतो तिथेच भाव थांबतो. आपल्याकडे पहिला येतो. दुसरा येत नाही. म्हणून मी तो डायरीत लिहून ठेवला.”

“खरं आहे सर,” उज्वला म्हणाली. आणि डायरी त्याच्या टेबलावर ठेवली. “पण हे मला आता होणार नाही.”

तिला वाटलं, तो उद्यापासून येऊ नका म्हणेल. त्यानं डायरी आपल्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः डायरी उघडून बसायला लागला. डबा एका बाजूला, पोळी गार होत असलेली. एकदा तिनं पाहिलं, तर तो घरच्या पोळीचा घास हातात धरून बापटांच्या नावानं कुणाच्या तरी टाइपरायटरवर पंचवीस रुपये चढवत होता. तिला राग आला नाही. तिनं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास नेऊन ठेवला.

घरी त्या रात्री जेवताना तिनं किशोरला सगळं सांगितलं. त्यानं जेवता जेवता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, सिन्नरला गेलीस ते बरं केलंस. आणि ताटात भात वाढून घेतला.

जानेवारीत मुंबईचे दोघं येऊन गेले. त्यांनी बोल्यांचा आकडा विचारलाच नाही. झालेल्या सौद्यांचा विचारला. त्या एका वर्षात असे किती तरी धंदे उघडले होते आणि आता सगळीकडूनच पैसा काढून घेतला जात होता. मनोज आहेर काही एकटा बुडाला नाही. पण बुडताना माणसाला ते कळून उपयोग नसतो. मार्चच्या शेवटी घरमालक थकबाकीपोटी जनरेटर ठेवून घेतो म्हणाला, भाड्यानं आणलेले कॉम्प्युटर पुण्याला परत गेले, आणि भिंतीवरची निळी अक्षरं पेंटरनं एका दुपारी पुसून टाकली.

शेवटच्या दिवशी दोघंच होते. मनोजला पुण्यात नोकरी लागली होती, दुसऱ्याच्या कंपनीत. कागदांचे गठ्ठे बांधताना त्यानं विचारलं, तुम्हाला कधी वाटलं होतं का ताई, की हे चालेल?

उज्वलानं सुतळीला गाठ मारली. तिनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याला बरं वाटेल असंच खरं तिला सापडलं.

“चाललं असतं,” ती म्हणाली. “सटाण्याच्या बाबांचं चाललं ना. माणसांना यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्याकडे नव्हता.”

त्यानं मान हलवली. राहिलेल्या दीड महिन्याच्या पगाराचा चेक दिला, तो वटेल ना, असं तिनं विचारलं नाही, आणि तो वटला. जिन्यात त्यानं तिला वाकून नमस्कार केला. तिला ते अपेक्षित नव्हतं, म्हणून हातातली पिशवी तशीच धरून ती अवघडून उभी राहिली.

सोमवारपासून गंगापूर रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर तिला जायचं होतं. सकाळी साडेसातला हजर, बाटल्यांवर नावं चिकटवायची, लोकांना रिपोर्ट द्यायचे. माणसं समोर उभी असणार होती. घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. तिनं चपला काढल्या, पाय सुजले होते. किशोरनं चहा पुढे ठेवला. तो निवून त्यावर साय धरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.